नोबल, एंजल आणि वजनकाटा: मध्ययुगीन इंग्लंडची सोन्याची नाणी जमवताना

मध्ययुगीन इंग्लंडच्या सोन्याच्या नाण्यावर साल नसतं. राजाच्या नावापुढे आकडाही नसतो. तिसरा एडवर्ड आणि चौथा एडवर्ड, दोघेही नाण्यावर नुसते ‘एडवर्ड’. चौथा, पाचवा आणि सहावा हेन्री, तिघेही नुसते ‘हेन्रिक’. त्यातून ही नाणी पन्नास-पन्नास वर्षं एकाच नमुन्याने पाडली गेली: जहाजात उभा राजा, हातात तलवार आणि ढाल. त्यामुळे नाणं कोणाचं आणि कधीचं हे चित्रावरून कळत नाही. ते कळतं वजनावरून, ढालीवरच्या चिन्हांवरून आणि अक्षरांमधल्या बारीक खुणांवरून. म्हणून नाणं आधी तोलायचं, मग वाचायचं आणि पैशाचा विषय सगळ्यात शेवटी काढायचा. हा क्रम उलटा झाला की पैसे जातात.

हाताशी काय हवं

दहा पट मोठं दाखवणारं चांगलं भिंग, मिलिमीटरचं कॅलिपर, एका बाजूने तिरपा उजेड पाडता येईल असा दिवा आणि वजनकाटा. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तर ओळख पटवायला पुरतो. घनता तपासायची असेल तर ०.००१ ग्रॅमचा लागतो, आणि तोही १०० ग्रॅम क्षमतेचा. याचं कारण खाली येईल. काट्याबरोबर मिळणारं प्रमाण वजन दर वेळी ठेवून पाहायचं. महिनाभर कपाटात पडलेला काटा ०.०५ ग्रॅमने सहज चुकतो आणि या नाण्यांत तेवढ्याने निदान बदलू शकतं.

पुस्तक एकच घ्यायचं झालं तर स्पिंक या लंडनच्या नाणेविक्री कंपनीचा दरवर्षी निघणारा इंग्लिश नाण्यांचा कॅटलॉग घ्यावा. सगळे विक्रेते त्यातलेच क्रमांक वापरतात. ओळखीसाठी पाच-सहा वर्षांपूर्वीची जुनी प्रत चालते. फक्त तिच्यातले भाव धरू नयेत.

वजनांचा हिशोब पाठ करून टाका

इंग्लंडमध्ये सोनं तोलायचं माप म्हणजे ग्रेन. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम.

तिसऱ्या हेन्रीने १२५७ मध्ये सोन्याची पेनी पाडली. लोकांनी ती स्वीकारली नाही, बहुतेक वितळली गेली आणि आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. डेव्हनमधल्या हेमिऑक गावी सापडलेली एक पेनी जानेवारी २०२२ मध्ये लिलावात ५,४०,००० पौंडांच्या बोलीला गेली. जानेवारी १३४४ मध्ये तिसऱ्या एडवर्डने फ्लोरिन, म्हणजे ‘डबल लेपर्ड’, आणि त्याचे अर्धे व पाव भाग काढले. त्यात सोन्याची किंमत चांदीच्या मानाने जास्त धरली होती, म्हणून व्यापाऱ्यांनी ती नाणी घेतली नाहीत आणि काही महिन्यांतच ती बंद झाली. ही दोन्ही प्रकरणं संग्रहालयात पाहण्याची आहेत. संग्रहाचा विचार नोबलपासून, म्हणजे जहाजातल्या राजाच्या त्या नाण्यापासून, सुरू करावा.

नोबलची किंमत ६ शिलिंग ८ पेन्स, म्हणजे ८० पेनी. पौंडाच्या २४० पेनी, म्हणून तीन नोबल म्हणजे एक पौंड. मार्क हे हिशोबाचं माप १६० पेनींचं, म्हणून दोन नोबल म्हणजे एक मार्क. दोन्ही हिशोबांत चपखल बसलं, त्यामुळे ते टिकलं. त्याचं वजन मात्र उतरत गेलं:

ऑगस्ट १३४४: सुमारे १३८.५ ग्रेन, म्हणजे ८.९७ ग्रॅम
१३४६: सुमारे १२८.६ ग्रेन, ८.३३ ग्रॅम
१३५१: १२० ग्रेन, ७.७८ ग्रॅम
१४१२: १०८ ग्रेन, ७.०० ग्रॅम

अर्धं आणि पाव नोबल त्याच प्रमाणात: १३५१ नंतरचं अर्धं ३.८९ आणि पाव १.९४ ग्रॅम, १४१२ नंतर ३.५० आणि १.७५ ग्रॅम. नोबलचा व्यास ३३ ते ३५ मिलिमीटर, आणि जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. हे नाणं पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ते फार पातळ वाटतं. खोटं असल्याची ती खूण नाही.

१४६४ मध्ये चौथ्या एडवर्डने वजन तेच ठेवून नोबलची किंमत ८ शिलिंग ४ पेन्स केली. १४६५ मध्ये पुन्हा १२० ग्रेनचं नवं नाणं आलं: रायल किंवा रोझ नोबल, १० शिलिंगांचं. पण लोकांच्या अंगवळणी ६ शिलिंग ८ पेन्सच पडले होते, म्हणून त्या किमतीचं ८० ग्रेनचं, ५.१८ ग्रॅम वजनाचं एंजल सुरू झालं. रायल काही वर्षांत मागे पडलं आणि एंजल पुढे दीड शतकाहून जास्त चाललं. अर्धं एंजल २.५९ ग्रॅमचं. सातव्या हेन्रीचं १४८९ चं सॉव्हरिन २४० ग्रेनचं, २० शिलिंगांचं. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

कस सगळ्यांचा एकच: २३ कॅरेट साडेतीन ग्रेन. इथला ग्रेन वजनाचा नाही, कॅरेटचा चौथा भाग आहे. म्हणजे २३.८७५ भागिले २४, साधारण ९९.५ टक्के. आपल्याकडच्या भाषेत जवळपास शुद्ध सोनं. त्यामुळे नाणं अंगठ्याच्या दाबानेही वाकतं. ‘वाकतंय का बघू’ ही तपासणी कधीही करू नये.

नोबल वाचायचं कसं

नाणं तोललं आणि ७.६५ ग्रॅम भरलं असं समजू. म्हणजे १३५१ ते १४१२ मधलं. आता नाव पाहा. एडवर्ड, रिचर्ड की हेन्री? अक्षरं गॉथिक असतात: ‘ई’ गोल आणि तोंड मिटलेली, ‘एच’ छोट्या लिपीतल्यासारखी. रिचर्ड असेल तर दुसरा रिचर्ड, १३७७ ते १३९९. मागच्या बाजूच्या मधोमधही बहुधा राजाचं आद्याक्षर असतं. ते पुढच्या बाजूच्या नावाशी जुळतं का पाहा. या वजनाचं हेन्रीचं नोबल फार दुर्मीळ आहे. कोणी ते स्वस्तात देत असेल तर आधी शंका घ्या.

एडवर्ड असेल तर खरी मजा इथे सुरू होते. नावानंतरचा लेख डावीकडून उजवीकडे, वर्तुळात, हळूहळू वाचा. ‘देई ग्रा रेक्स अँगल’, म्हणजे देवाच्या कृपेने इंग्लंडचा राजा, इथपर्यंत सगळीकडे सारखं आहे. त्यापुढे ‘फ्रँक’ आहे का?

तिसरा एडवर्ड फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगत होता, म्हणून १३५१ च्या नाण्यांवर तो ‘इंग्लंड आणि फ्रान्सचा राजा’ आहे. १३६० मध्ये ब्रेतिनीचा तह झाला. त्यात त्याने फ्रान्सचा हक्क सोडायचा आणि बदल्यात नैर्ऋत्य फ्रान्समधलं मोठं आक्वितेन घ्यायचं ठरलं. १३६१ पासूनच्या नोबलवर ‘फ्रँक’ गेलं आणि ‘ए-क्यू-टी’ ही आक्वितेनची तीन अक्षरं आली. १३६९ मध्ये पुन्हा लढाई पेटली आणि ‘फ्रँक’ परत आलं. म्हणजे एका शब्दाच्या असण्या-नसण्यावरून नाणं तहाच्या काळातलं की त्याच्या आधी-नंतरचं हे ठरतं. सालाविना एवढी नेमकी तारीख देणारी नाणी फार नाहीत. संग्रहाला विषय हवा असेल तर याहून चांगला सापडणार नाही: तहाआधीचं एक, तहाच्या काळातलं एक, तहानंतरचं एक. तीन नाण्यांत एका युद्धाचा आलेख पुरा होतो.

तहाच्या काळातली नोबल सर्वांत जास्त मिळतात. तहानंतरची त्या मानाने कमी. तहाआधीच्या मालिकेत अक्षरांच्या घडणीवरून केलेले ‘बी’पासून ‘जी’पर्यंतचे उपप्रकार आहेत. ते पहिल्या वर्षी सोडून द्यावेत. शब्दांमधल्या विरामखुणा मात्र पाहायची सवय लावा: तहाआधी बहुतेक बारीक पोकळ वर्तुळं, तहाच्या काळात जोड-फुल्या. लेख झिजलेला असेल तेव्हा या खुणाच वाचवतात.

मग टाकसाळ. लंडनशिवाय कॅले इथे, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या इंग्रजांच्या ताब्यातल्या शहरात, १३६३ पासून नाणी पडत. त्यांच्यावर जहाजाच्या मागच्या टोकाला झेंडा असतो किंवा मागच्या बाजूच्या मध्यभागी ‘सी’ अक्षर. झेंडा तिरप्या उजेडात पाहा; समोरून उजेड पडला की झिजलेला झेंडा दिसतच नाही आणि कॅलेचं नाणं लंडनचं म्हणून नोंदलं जातं.

मागच्या बाजूला नक्षीदार क्रूस, कोपऱ्यांत मुकुट घातलेले सिंह आणि भोवती बायबलमधलं लॅटिन वचन. पूर्ण नोबलवर लूकच्या शुभवर्तमानातलं, ‘येशू त्यांच्यामधून निघून गेला’ या अर्थाचं. अर्ध्यावर सहाव्या स्तोत्रातलं, ‘हे प्रभू, रागाच्या भरात मला दटावू नकोस’. पाववर ‘तो गौरवाने उंचावला जाईल’. तुकडा फार झिजलेला किंवा कातरलेला असला तरी वचनातला एखादा शब्द वाचता आला की पूर्ण, अर्धं की पाव हे पक्कं होतं.

आता वजन ६.९ च्या आसपास भरलं आणि नाव हेन्री असेल, तर १४१२ नंतरचं. ढाल पाहा: तिच्यातल्या फ्रान्सचं चिन्ह असलेल्या चौकोनात कमळासारखी फुलं विखुरलेली असतील तर जुनी पद्धत, तीनच असतील तर नवी. १४१२ नंतर तीनच. पाचव्या हेन्रीच्या बऱ्याच नाण्यांवर राजाच्या मनगटाजवळ चांदणी असते आणि जहाजाच्या अंगावर तुटकं कडं. सहाव्या हेन्रीच्या १४२२ पासूनच्या पहिल्या मालिकेत तलवारीच्या हाताजवळ बारीक अखंड कडं असतं आणि मागच्या बाजूच्या एका कोपऱ्यातही. बाजारात येणाऱ्या हेन्रीच्या नोबलांत हीच जास्त. त्याच मालिकेत झेंडा म्हणजे कॅले, आणि जहाजाच्या मागच्या टोकावर कमळफूल म्हणजे यॉर्क. त्यानंतरच्या मालिकांत सोन्याची नाणी फार कमी पाडली गेली, म्हणून ती नाणी दुर्मीळ आणि महाग.

वजन ७.० आणि नाव एडवर्ड? इथेच बहुतेक जण फसतात

हे चौथ्या एडवर्डचं १४६४ चं वाढीव किमतीचं नोबल असेल असं वाटून उडी मारली जाते, कारण ते फार दुर्मीळ आहे. पण बहुतेक वेळा ते तिसऱ्या एडवर्डचंच असतं, कातरलेलं. १४१२ मध्ये वजन १२० वरून १०८ ग्रेनवर आलं, किंमत तीच राहिली. म्हणजे जुन्या नोबलच्या कडेचं १२ ग्रेन सोनं कापून घेतलं तरी नाणं त्याच किमतीला चालत होतं. लोकांनी तेच केलं. त्यामुळे तिसऱ्या एडवर्डची आणि दुसऱ्या रिचर्डची कितीतरी नाणी काटेकोर १०८ ग्रेनवर आणलेली सापडतात.

तपासणी सोपी आहे. लेखाच्या बाहेर मण्यांचं एक वर्तुळ असतं. ते चहूबाजूंनी दिसतं का? अक्षरांची डोकी कापलेली आहेत का? व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा. ३१-३२ मिलिमीटर भरला तर कातरलेलं. मग ढालीवरची फुलं पाहा: विखुरलेली असतील तर तिसरा एडवर्ड. जुन्या काळी कातरलेली कड घासून गुळगुळीत झालेली असते. ती इतिहासाचा भाग आहे, किंमत कमी होते पण नाणं चांगलंच. कड चमकदार, धारदार किंवा कानशीने घासल्यासारखी ओरखड्यांची असेल तर ते अलीकडचं काम आहे आणि बहुधा दागिन्यातून सोडवलेलं नाणं.

नाणं ठरलेल्या वजनापेक्षा हलकं असणं स्वाभाविक आहे. जड असणं नाही. १३५१ च्या प्रकाराचं नोबल ८.१ ग्रॅम भरलं तर ते एक तर १३४६ चं आहे किंवा खोटं आहे.

एंजल आणि रायल

एंजलवर सेंट मायकेल हा देवदूत भाल्याने ड्रॅगन मारतो आहे. मागे जहाज, डोलकाठीच्या जागी क्रूस. क्रूसाच्या दोन बाजूंना काय आहे त्यावरून राजा कळतो: ‘ई’ आणि गुलाब म्हणजे चौथा एडवर्ड, ‘एच’ आणि कमळफूल म्हणजे १४७०-७१ मध्ये काही महिन्यांसाठी गादीवर परतलेला सहावा हेन्री, ‘एच’ आणि गुलाब म्हणजे सातवा किंवा आठवा हेन्री. शेवटच्या दोघांत फरक असा की आठव्या हेन्रीच्या एंजलवर नावापुढे रोमन आकड्यांत ‘आठ’ येतं. सातव्या हेन्रीच्या सुरुवातीच्या एंजलवर देवदूताचा एकच पाय ड्रॅगनवर असतो, नंतरच्यांवर दोन्ही. लेखाच्या सुरुवातीला वर एक लहान खूण असते, तिला आरंभखूण म्हणू. ती टाकसाळीने ठरावीक काळाने बदललेली असते, म्हणून एंजलचं साल तीच सांगते. ती झिजलेली किंवा भोकात गेलेली असेल तर किंमत बरीच उतरते.

आणि भोक नेमकं तिथेच असतं. गंडमाळांच्या रोग्याला राजाने स्पर्श केला की तो बरा होतो अशी समजूत होती. रोग्याच्या गळ्यात एंजल बांधलं जाई. म्हणून भोक पाडलेली एंजल बरीच आहेत. भोक उघडं असेल तर ते नाण्याची गोष्ट सांगतं, आणि थोड्या पैशांत एंजल हवं असेल तर असंच घ्यावं. वाईट ते बुजवलेलं भोक. भिंगाखाली गोल शिवण दिसते, त्या जागेचा पोत भोवतालपेक्षा सपाट असतो आणि तिथली अक्षरं ठशाने उमटलेली नसून कोरलेली असतात: त्यांच्या कडा बाहेर वळलेल्या आणि तळ टोकदार.

रायल घेताना वजनकाटा मदत करत नाही. सोळाव्या शतकात नेदरलँड्समध्ये याच नाण्याच्या नकला बाल्टिक व्यापारासाठी पाडल्या गेल्या. सोनं चांगलं, वजनही जवळपास तेवढंच. त्यांची चकती नेहमीपेक्षा रुंद असते आणि घडण राकट. त्या नकलाही जमवण्याजोग्या आहेत, पण इंग्लिश रायलच्या भावाने नाही. खऱ्या रायलवर जहाजाच्या अंगावर गुलाब आणि मागे सूर्याचे किरण. जहाजाखालच्या लाटांत अक्षर असेल तर ते टाकसाळीचं: ‘बी’ ब्रिस्टल, ‘सी’ कॉव्हेंट्री, ‘एन’ नॉरिच, ‘ई’ यॉर्क. अक्षर नसेल तर लंडन.

पाण्यातली तपासणी

आपल्याकडे सोनं म्हटलं की सराफ आणि कसोटी आठवते. या नाण्याला कसोटी लावू देऊ नका. कसोटीच्या दगडावर घासलेली रेघ नाण्यावर कायमची राहते. हॉलमार्क केंद्रातलं एक्स-रे यंत्र चालेल. त्याने नाण्याला इजा होत नाही, मात्र ते पृष्ठभागच वाचतं, त्यामुळे जाड मुलामा त्याला फसवू शकतो. घनता घरीही मोजता येते.

एका हलक्या प्लॅस्टिकच्या पेल्यात डिस्टिल्ड वॉटर घ्या. नोबल उभं बुडवायचं तर पन्नास-साठ मिलिलिटर पाणी लागतं, म्हणूनच काटा १०० ग्रॅम क्षमतेचा हवा. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाण्याला बारीक नायलॉनच्या दोऱ्याचा फुलीसारखा फास घाला. सुती दोरा पाणी पितो. नाणं पूर्ण बुडेल पण तळाला किंवा भिंतीला टेकणार नाही असं वरून धरा. हात हलतो, म्हणून दोरा एखाद्या आडव्या काडीला बांधलेला बरा. काट्यावर जो आकडा येईल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याचं वजन भागिले तो आकडा, ही घनता.

७.७० ग्रॅमच्या नोबलसाठी काट्यावर साधारण ०.४०१ यायला हवं, म्हणजे १९.२. बावीस कॅरेटची आधुनिक नक्कल ०.४३५ च्या आसपास दाखवेल. चांदीवर मुलामा दिलेलं ०.७४. आता कळेल की ०.०१ ग्रॅमचा काटा इथे का चालत नाही: तो ०.४० किंवा ०.४१ दाखवणार, आणि तेवढ्यात घनता १९.२ वरून १८.८ वर जाते.

चूक होते ती बुडबुड्यांमुळे. अक्षरांच्या खोबणीत हवा अडकली की आकडा फुगतो आणि खरं नाणं खोटं ठरतं. नाणं आधी पाण्यात बुडवून हलकेच फिरवा, तीन वेळा मोजा, सर्वांत कमी आकडा धरा. पाव नोबलला खऱ्या-खोट्यातला फरक जेमतेम ८ मिलिग्रॅमचा असतो. त्याच्या बाबतीत या तपासणीवर एकट्यावर विसंबू नये.

घनता बरोबर आली म्हणजे नाणं खरं असं नाही. शुद्ध सोन्यात पाडलेली नक्कल ही तपासणी पार करते. तिला पकडायचं भिंगाने. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ असतात, मोकळ्या जागेत बारीक खड्डे दिसतात आणि काठावर जोडाची रेघ. ठशाने पाडलेली नक्कल जास्त अवघड. तिथे एकच उपाय, जुन्या लिलावांच्या चित्रांशी ताडून पाहणं. दोन वेगळ्या नाण्यांवर ठसा सारखा असू शकतो, पण झीज, ओरखडा आणि कडेची चीर सारखी असू शकत नाही. तसं दिसलं तर दोन्ही नाणी बाजूला ठेवा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियमसाठी विद्युत्-पद्धतीने केलेल्या प्रतिकृतीही कधी कधी बाजारात येतात. दोन कवचं जोडलेली असल्याने काठावर शिवण दिसते, वजन जुळत नाही, आणि बऱ्याचदा काठावर करणाऱ्या रॉबर्ट रेडी यांची ‘आर-आर’ ही अक्षरं असतात.

राजाचा चेहरा पुसट असणं हे मात्र संशयाचं कारण नाही. हातोड्याने पाडलेल्या नाण्यात पुढच्या आणि मागच्या बाजूंचे उंच भाग समोरासमोर आले की सोनं दोन्हीकडे पुरत नाही. शिवराई हाताळलेल्यांना सरकलेला ठसा आणि अर्धवट अक्षरं नवी नाहीत. झीज आणि अशक्त ठसा यांतला फरक शिकून घ्या: झिजलेल्या भागावर सपाट चकाकी असते, न उमटलेल्या भागावर चकतीचा मूळ खरबरीतपणा.

काठावर बारा वाजण्याच्या जागी फिकट ठिपका किंवा जास्तीचं सोनं दिसलं तर तिथे कडी डाख देऊन बसवलेली होती. वाकवून सरळ केलेल्या नाण्यावर दोन्ही बाजूंना एकाच रेषेत मंद सुरकुती असते. दोन्ही दोष चालतील, भावात उतरले असतील तर.

घ्यायचं कुठलं आणि कसं

पहिलं नाणं म्हणून तहाच्या काळातलं पाव नोबल घ्यावं. पूर्ण नोबलच्या किमतीच्या लहान हिश्श्यात मिळतं, प्रकार भरपूर आहेत आणि नकला ओळखण्याचा अभ्यासही होतो. पाव नोबलमध्ये ठसा मधोमध आणि ढाल स्पष्ट, एवढं पाहा. त्यानंतर सहाव्या हेन्रीचं कड्याच्या खुणेचं अर्धं किंवा पूर्ण, मग एंजल. दोन मध्यम नाण्यांपेक्षा एक चांगलं घ्यावं हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. इथे तो कातरलेल्या नाण्यांपुरता खरा आहे, कारण कातरलेलं नोबल पुढे विकायला अवघड जातं.

विक्रेत्याला आधी विचारायचं: ०.०१ पर्यंतचं वजन, व्यास, काठाचे चार बाजूंनी फोटो, तिरप्या उजेडातला फोटो, आणि नाणं याआधी कुठे विकलं गेलं. वजन द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे बोलू नका. ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनचा सभासद असलेला विक्रेता असेल आणि खरेपणाची लेखी हमी मिळत असेल, तर थोडा जास्त भाव देणं परवडतं.

लिलावात बोलीचा आकडा म्हणजे तुमचा खर्च नव्हे. समजा, ३,००० पौंडांना नाणं सुटलं, लिलावघराचं कमिशन २० टक्के आणि त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट. ३,००० अधिक ६०० अधिक १२०, म्हणजे ३,७२०. टपाल आणि विमा वेगळा. बोलीची मर्यादा ठरवताना ३,७२० पासून उलटं मोजत यायचं.

इंग्लंडमध्ये जमिनीत सापडलेल्या नाण्यांना कायदा लागतो. ३०० वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकाच ठिकाणी मिळाली तर ती १९९६ च्या ट्रेझर कायद्याखाली येतात आणि ज्याला ती सापडली त्याने १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा सापडलेल्या ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं असतं. नॉटिंगहॅमशायरमधल्या फिशपूल इथे १९६६ मध्ये १,२३७ सोन्याची नाणी एकत्र निघाली. वॉर्स ऑफ द रोझेस या इंग्लंडच्या गादीसाठीच्या यादवी युद्धाच्या काळात पुरलेला तो साठा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. धातुशोधकाने सापडलेलं नाणं असेल तर पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा, म्हणजे अशा वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचा, नोंदक्रमांक मागा. तो असला की सापडल्याची जागा आणि तारीख कायमची नाण्याला जोडली जाते. जमिनीतून निघालेलं नाणं ब्रिटनबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो. तो कोण काढणार हे पैसे देण्याआधी ठरवा.

लंडन किंवा लेस्टरला राहणाऱ्या मराठी संग्राहकाला हे पुरतं. मुंबई-पुण्यात मागवायचं असेल तर आणखी एक गोष्ट आहे. भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे आणलेलं नाणं पुढे लंडनच्या लिलावात विकण्याची वाट बंद. आयातीवरचं शुल्क आणि सोन्याच्या नाण्यांवरची बंधनं बदलत राहतात. सीमाशुल्क दलालाकडून आधी लेखी उत्तर घ्या आणि पार्सलवर खरी किंमत व खरं वर्णन लिहायला लावा.

घरी आल्यावर

स्वच्छ करू नका. रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश दागिन्यांना ठीक. शुद्ध सोन्याच्या सहाशे वर्षांच्या पृष्ठभागावर ब्रशच्या बारीक रेघा उमटतात आणि त्या नाहीशा होत नाहीत. माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक-दोन दिवस ठेवा, पाणी बदला, बाहेर काढून मऊ कापडावर ठेवा आणि वरून टिपा. घासू नका. खोबणीतली लालसर माती उरली तर राहू द्या. तिच्यामुळे अक्षरं उठून दिसतात. जुन्या प्लॅस्टिक पाकिटाचा चिकट हिरवट थर असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये काही मिनिटं, काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून.

पीव्हीसीची मऊ पाकिटं टाळा. पॉलिएस्टरचं पाकीट किंवा आम्लरहित कागदाचं चालतं. कॅप्सूल घेत असाल तर व्यास मोजून घ्या. सैल कॅप्सूलमध्ये नोबल हलतं आणि उंच भाग घासतात. नाणं नेहमी काठावर, दोन बोटांत धरावं, खाली मऊ कापड पसरून. इतकं शुद्ध सोनं टेबलावर पडलं की कड चेपतेच.

प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा: राजा, प्रकार, टाकसाळ, वजन, व्यास, कॅटलॉग क्रमांक, कोणाकडून, कधी, किती पैशांना, आणि आधीच्या मालकांची जी माहिती मिळाली असेल ती. नाण्याबरोबर जुन्या संग्राहकाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी आली असेल तर ती फेकू नका आणि तिच्यावर काही लिहूही नका. आपली चिठ्ठी वेगळी, पेन्सिलीने, आणि दोन्ही एकाच पाकिटात.